रिपोर्ट नॉर्मल, माणूस दमलेला

सकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास अंगावरच्या वायरी काढायला गेले की पेशंट दोनपैकी एक वाक्य हमखास बोलतो. एक तर "सिस्टर, मस्त झोप झाली," नाही तर "डोळ्याला डोळा लागला नाही हो." मी सिस्टर नाही, स्लीप लॅबची टेक्निशियन आहे, पण रात्री पांढरा कोट घालून वावरणारी बाई म्हणजे सिस्टर, हे मी केव्हाच मान्य करून टाकलंय. गंमत अशी की ही दोन्ही वाक्यं बऱ्याचदा खोटी निघतात. मस्त झोप झालेल्या काकांचा मेंदू रात्रभरात शेकडो वेळा दचकून वर आलेला असतो, आणि डोळा न लागलेल्या मावशी चांगल्या साडेपाच तास झोपलेल्या असतात. मुद्दाम खोटं कुणी बोलत नाही. आपण कसे झोपलो हे सांगायला आपण त्या वेळी हजर नसतो, एवढंच.

पुण्यातल्या एका हॉस्पिटलात मी हे काम करते. सुरुवात झाली ती दिवसाच्या ईईजीपासून. फिट्स येणाऱ्यांच्या मेंदूचे आलेख काढायचे. पुढे हॉस्पिटलने दोन खोल्यांची स्लीप लॅब उघडली. मेंदूच्या लाटा ओळखणारं माणूस हवं होतं आणि रात्रपाळीला कुणी तयार नव्हतं. मुलगी मोठी झाली होती, भत्ता बरा होता. मी हो म्हटलं. तोवर घोरणं हा माझ्या लेखी थट्टेचाच विषय होता. लग्नघरी सगळे एका हॉलमध्ये झोपले की सकाळी चहाबरोबर कुणाची तरी टिंगल व्हायची, तेवढाच.

वायरी लावायलाच पाऊण-एक तास जातो. टेपने डोक्याचं माप घ्यायचं, पेन्सिलीने खुणा करायच्या, खुणेची जागा दाणेदार जेलने घासायची, मग पेस्ट भरलेली चकती तिथे ठेवून वरून गॉजचा चौकोनी तुकडा दाबायचा. आदल्या दिवशी फोनवर बजावलेलं असतं की डोकं धुऊन या, तेल लावू नका. तरी "शांत झोप लागावी म्हणून" चांगली चंपी करून येणारे असतातच. अशा डोक्यावर पेस्ट टिकत नाही आणि पहाटे तीनला निम्म्या लाटा गायब होतात. मग डोळ्यांच्या कडेला दोन चकत्या, हनुवटीला, दोन्ही पायांना, छातीवर ईसीजीच्या, छाती आणि पोटाला एकेक पट्टा, नाकात बारीक नळी, बोटाला ऑक्सिमीटर. बायकांचं मंगळसूत्र पट्ट्याखाली येतं. काढायला सांगितलं तर काहींचा चेहरा पडतो, म्हणून मी ते खांद्यामागे वळवून कागदी टेपने चिकटवते. सगळं झालं की दिवा मालवून शेजारच्या खोलीत पडद्यासमोर बसते. पडद्यावर एका वेळी तीस सेकंद दिसतात. आठ तासांची रात्र म्हणजे अशी 960 पानं, आणि नंतर ती एकेक करून वाचावी लागतात. हल्ली सॉफ्टवेअर खुणा करून देतं. पण मी त्याच्यावर सोडत नाही.

या पानांवर काय दिसतं हे सांगायचं तर आधी घसा समजून घ्यायला हवा. नाकाच्या मागच्या बाजूपासून स्वरयंत्रापर्यंतचा हवेचा रस्ता मऊ आहे. खालच्या श्वासनळीला कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो, तसा या टप्प्याला नाही. जागेपणी आसपासचे स्नायू तो ताणून उघडा ठेवतात. झोप लागली की स्नायू सैल पडतात, आणि रस्ता मुळात अरुंद असेल तर श्वास आत ओढताना भिंतीच एकमेकींकडे ओढल्या जातात. रसवंतीवर भिजलेल्या कागदी नळीने जोरात रस ओढला की नळी चपटी होते आणि जितका जोर लावावा तितकी जास्त मिटते; इथेही तेच होतं. उताणं झोपलं की जीभ मागे पडते आणि भर पडते. स्वप्नं पडतात त्या झोपेत, म्हणजे रेममध्ये, स्नायू सगळ्यांत ढिले असतात, आणि ही झोप पहाटेकडे जास्त असते. म्हणून खरी रणधुमाळी तीननंतर. मोठ्या माणसात हवा दहा सेकंद किंवा जास्त थांबली तर त्याला अ‍ॅप्निया म्हणतात. पूर्ण न थांबता बरीच कमी झाली आणि तिच्यामुळे ऑक्सिजन उतरला किंवा झोप मोडली, तर हायपॉप्निया. दोन्हींची बेरीज करून झोपेच्या तासांनी भागलं की येतो एएचआय. पाचाच्या आत नॉर्मल, पंधरापर्यंत सौम्य, तिसापर्यंत मध्यम, वर गंभीर. पहिली काही वर्षं माझं सगळं जग या चार खणांतच मावत होतं.

त्या काळातलं एक जोडपं ठळक आठवतं. नवरा खासगी बसवर ड्रायव्हर, रात्रीच्या लांबच्या फेऱ्या. मालकाला न सांगता आला होता. "समजलं तर गाडीवरून उतरवतील," ही भीती त्याच्या प्रत्येक उत्तरात होती. झोप उडवायला काय करता, असं विचारल्यावर त्याने शांतपणे यादी सांगितली: डोळ्यांखाली बाम, खिशात हिरव्या मिरच्या, खिडकी उघडी, क्लीनरशी गप्पा. रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागायचं, म्हणून साखर तपासून झाली होती. ती ठीक होती. श्वास अडकला असताना छाती हवा ओढायचा प्रयत्न करत राहते, आत उलटा दाब तयार होतो, हृदय ताणलं जातं. शरीर समजतं की पाणी जास्त झालंय, आणि लघवी वाढवणारं हार्मोन सुटतं. हे मी डॉक्टरांकडून ऐकलं तेव्हा मला माझ्या ओळखीतले निम्मे पुरुष आठवले.

दिवा मालवल्यावर पाच मिनिटांत तो गाढ झोपला. घोरणं, मग अचानक शांतता. नाकाची रेघ सपाट. पण पट्ट्यांच्या दोन रेघा चालूच, आणि त्याही उलटसुलट. पोट फुगतंय तेव्हा छाती आत जातेय. वीस सेकंद, तीस, चाळीस. ऑक्सिजन नव्वदीतून ऐंशीत, ऐंशीतून सत्तरीत. मग एक प्रचंड खर्रर्र, सगळं अंग हललं, मेंदूच्या रेघा एकदम दाट झाल्या, तीन-चार मोठे श्वास, आणि पुन्हा घोरणं. मिनिटाला एकदा. मेंदूला श्वास आणि झोप यांतलं एक निवडायचं असतं आणि तो दर वेळी श्वास निवडतो. म्हणून माणूस जगतो आणि म्हणूनच दिवसा स्टिअरिंगवर पेंगतो. नवीन असताना अशा वेळी आत जाऊन पेशंटला हलवावंसं वाटायचं. तसं करायचं नसतं. नोंद झाली नाही तर उपचार ठरत नाही. धोक्याच्या खुणा ठरलेल्या असतात, त्या दिसल्या तरच उठायचं. एरवी बघत बसायचं. हे बघत बसणं शिकायला मला इतर कुठल्याही तंत्रापेक्षा जास्त वेळ लागला.

पहिल्या दोन तासांतच चित्र इतकं स्पष्ट असलं की उरलेल्या रात्री मास्क लावून सीपॅपचं प्रेशर ठरवतात. हे मशीन औषध देत नाही, ऑक्सिजनही देत नाही. साधी खोलीतलीच हवा थोड्या दाबाने नाकातून सोडतं, म्हणजे घशाच्या भिंती मिटत नाहीत. ऑस्ट्रेलियात सिडनीला कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी जोडून त्यांनी पहिलं यंत्र बनवलं होतं. ड्रायव्हरला मी चारच्या प्रेशरवरून सुरुवात करून हळूहळू अकरापर्यंत नेलं. घोरणं थांबलं. पट्टे एका लयीत आले, ऑक्सिजन पंचाण्णववर स्थिर झाला आणि मेंदू जणू थकबाकी वसूल करायला रेममध्ये शिरला तो बाहेरच येईना. मी पाणी प्यायला उठले, तेवढ्यात बाहेरच्या बाकावर पडलेली त्याची बायको दारात उभी. पदर सावरत, घाबरून म्हणाली, "ताई, आवाज येत नाहीये. बघा ना, श्वास चालू आहे ना?" गेली कित्येक वर्षं ती त्या आवाजावरच झोपत होती. आवाज थांबला की उठून त्याला कोपरानं ढोसायचं, हे तिचं रात्रीचं काम. मी तिला पडद्यावरच्या रेघा दाखवल्या. तिला त्यातलं काही कळलं नसणार. पण ती माझ्या खुर्चीशेजारी उभी राहून बराच वेळ बघत होती.

तेव्हापासून मी पेशंटइतकंच त्याच्या जोडीदाराला प्रश्न विचारते. खोली-दोन खोल्यांच्या घरात सगळ्यांना सगळं ठाऊक असतं: बाबा किती वाजता घोरतात, कधी थांबतात, कुणी हलवलं की कुशीवर वळतात. मोठ्या फ्लॅटमध्ये प्रत्येकाची खोली वेगळी, दारं बंद, एसी चालू. तिथल्या माणसाचा आजार कुणी ऐकतच नाही. विधुर आजोबा, हॉस्टेलवरचे विद्यार्थी, परगावी एकट्या राहणाऱ्या मुली, यांना तर साक्षीदारच नसतो. आणि बायका घोरतात हे तर घरोघरी न बोलण्याचं. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये हा त्रास वाढतो. पण त्या येतात "झोप लागत नाही, अंग दुखतं, चिडचिड होते" असं म्हणत, आणि जातात झोपेची गोळी घेऊन. काही गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात. "दोन पेग घेतल्याशिवाय झोप लागत नाही" म्हणणाऱ्यांचंही तेच.

हा आजार, म्हणजे झोपेतला अ‍ॅप्निया, इथे दुर्मीळ नाही. डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या मध्यमवयीन पुरुषांची पाहणी करून 2004 साली निष्कर्ष मांडले होते: झोपेतल्या श्वासाचा बिघाड 19.5 टक्क्यांत, आणि दिवसाच्या पेंगेसकटचा पूर्ण आजार 7.5 टक्क्यांत. तरीही लोकांच्या तोंडी हे नाव आलं ते फेब्रुवारी 2022 मध्ये, बप्पी लाहिरी गेले आणि डॉक्टरांनी कारण म्हणून ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया सांगितला तेव्हा. त्यानंतर आमच्याकडचा फोन बरेच दिवस खणखणत होता. "आमचे हे घोरतात, आजच यायचं का?" घाबरून का होईना, लोक आले.

आले ते सगळे मात्र घोरणारे आणि बहुतेक जाड. या कामाने मला खरं वळण दिलं ते एका अंगाने काटकुळ्या मुलीने.

प्राथमिक शाळेतली शिक्षिका, तिशीच्या आतली. बीपी कायम कमी, हातपाय गार, सकाळी उठतानाच डोकं दुखतं, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. रात्री दात खाते, असं नवऱ्याने सांगितलं. घोरते का? "नाही हो, श्वास जरा जोरात घेते, एवढंच." प्लास्टिकच्या फाइलमध्ये रिपोर्टांची चळत: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12, डी. कमी होतं ते भरून काढून झालं होतं. दुसऱ्या एका ठिकाणी झोपेची घरगुती तपासणीही झाली होती, एएचआय तीनच्या आसपास, खाली ठळक अक्षरात "नॉर्मल." मग नैराश्याची गोळी सुरू झाली. सासूबाईंचं मत, आजकालच्या मुलींना दम नाही. ती मला वायरी लावून घेताना म्हणाली, "मॅडम, काहीतरी सापडू दे. काहीही सापडलं तरी चालेल." आजार सापडावा म्हणून देवाला हात जोडणारी माणसं मी नंतर पुष्कळ पाहिली, ती पहिली.

रात्री माइकवर घोरणं नाही. ऑक्सिजनची रेघ पंचाण्णव-सत्याण्णवच्या मध्ये आखल्यासारखी सरळ. सॉफ्टवेअरने एकही लाल खूण केली नाही. पण नाकाच्या रेघेत काहीतरी खटकत होतं. मोकळ्या श्वासाची कमान वर गोल असते. हिची वरून सपाट होती. एकामागून एक श्वास सपाट होत जायचे, पट्ट्यांवरचा जोर वाढत जायचा, आणि मग गाढ झोपेच्या मोठ्या संथ लाटांमध्ये चार-पाच सेकंद जागेपणाच्या बारीक लाटा घुसायच्या. एक मोठा गोल श्वास, आणि पुन्हा सपाट. दोन-तीन मिनिटांनी एकदा, रात्रभर. श्वास थांबत नव्हता, ऑक्सिजन उतरत नव्हता. हायपॉप्निया मोजायला लागणारी हवेतली तीस टक्के घटसुद्धा होत नव्हती. ती फक्त प्रत्येक श्वासासाठी झगडत होती, आणि त्या झगड्यानेच उठत होती. असं उठणं मोजायलाही एक नाव आहे, रेरा. पुण्यातल्या माणसाला ते ऐकून बिल्डर आठवतो, पण इथे त्याचा अर्थ श्वासाच्या कष्टामुळे झालेली झोपमोड. ही मोजायची की नाही हे पुष्कळ ठिकाणी ऐच्छिक असतं. मी सगळ्या खुणा हाताने केल्या आणि सकाळी डॉक्टरांसमोर ती पानं उघडून ठेवली.

डॉक्टर तासभर बघत बसले. मग तिला तोंड उघडायला सांगितलं. टाळू अरुंद आणि उंच, हनुवटी लहान, जिभेच्या कडेला दातांचे ठसे, पडजीभ जिभेमागे पार लपलेली. भूल देणारे डॉक्टर घशाची जागा मोजायला एक चार पायऱ्यांचा हिशेब वापरतात. त्याचा पाया घातला मूळ आंध्रच्या आणि अमेरिकेत बोस्टनला काम करणाऱ्या डॉ. मल्लमपाटींनी, 1985 साली. हिची पायरी चौथी. शिवाय नाक बारमाही चोंदलेलं, धुळीची अ‍ॅलर्जी. खडूच्या धुळीत दिवसभर उभी राहणारी बाई! तिच्या त्रासाच्या चार वर्षांत घशाच्या आत कुणी बॅटरी मारून पाहिलं नव्हतं, कारण ती जाड नव्हती आणि घोरत नव्हती.

या प्रकाराला अप्पर एअरवे रेझिस्टन्स सिंड्रोम म्हणतात. स्टॅनफर्डला काम करणाऱ्या ख्रिस्तियान गीयमिनो या फ्रेंच डॉक्टरांनी 1993 मध्ये मोठ्या माणसांतला हा त्रास मांडला. लहान मुलांत त्यांनी तो दशकभर आधीच पाहिला होता. झोपेतला अ‍ॅप्निया हा आजार म्हणून वैद्यकात रुजवण्यातही त्यांचा वाटा मोठा. काही तज्ज्ञ हा वेगळा आजार मानतात, काही म्हणतात अ‍ॅप्नियाच्याच रस्त्यावरचा आधीचा थांबा. पक्कं निदान करायचं तर नाकातून अन्ननलिकेत बारीक नळी सोडून आतला दाब मोजावा लागतो, पण ती घालून कोण झोपणार? आमच्याकडे तशी सोय नाही. म्हणून सपाट कमानी वाचायला शिकणं एवढंच माझ्या हातात होतं. जुन्या फायली काढून वाचायला लागले. रात्री बारा ते दोन निवांत असेल तेव्हा हाच उद्योग. त्यातून एक गोष्ट उमजली, की एकाच रात्रीचा एएचआय नियमानुसार बदलतो. हायपॉप्निया मोजताना ऑक्सिजन चार टक्के उतरलाच पाहिजे असा एक नियम आहे. दुसरा म्हणतो, तीन टक्के उतरला किंवा झोप मोडली तरी धरा. पहिल्या नियमाने नॉर्मल ठरलेला माणूस दुसऱ्या नियमाने आजारी ठरू शकतो. माणूस तोच, रात्र तीच.

त्या शिक्षिकेचं पुढे काय झालं? सिनेमासारखं काही झालं नाही. नाकात मारायचा स्प्रे, कुशीवर झोपणं, कमी प्रेशरवर सीपॅप. मशीन तिला सोसलं नाही. काही आठवड्यांत परत केलं. मग दाताच्या डॉक्टरांकडून खालचा जबडा थोडा पुढे धरून ठेवणारी पट्टी करून घेतली. सुरुवातीला जबडा दुखायचा, लाळ गळायची. काही महिन्यांनी भेटायला आली तेव्हा म्हणाली, "शाळेतून आल्यावर आडवं पडावं लागत नाही आता. तीनला जाग येते कधीकधी, पण परत झोप लागते." डोकेदुखी कमी होती. गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद झाली होती. माझ्या हिशेबात हे पुष्कळ होतं.

लगेच हेही सांगायला हवं, की प्रत्येक दमलेल्या माणसाचा घसा अरुंद नसतो. इंटरनेटवर वाचून, स्वतःचं निदान करून येणारे आता बरेच आहेत. त्यातल्या काहींची रात्र अगदी निर्मळ निघते. एकला मोबाइल ठेवायचा आणि सहाला उठायचं. मग थकवा नाही तर काय येणार? त्यांना ते आवडत नाही. मनगटावरचं घड्याळ दाखवून "पण माझी डीप स्लीप कमी आहे" म्हणून वाद घालतात. ते घड्याळ हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतं, मेंदूच्या लाटा त्याला दिसत नाहीत. घरी करायच्या साध्या तपासणीतही बहुधा डोक्याला वायरी नसतात. धडधडीत अ‍ॅप्निया पकडायला ती उत्तम आणि स्वस्त. पण झोप कितीदा मोडली हे तिला कळत नाही. म्हणून त्या शिक्षिकेचा पहिला रिपोर्ट खोटा नव्हता, अपुरा होता.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र माझा संयम लवकर सुटतो. सात-आठ वर्षांचा एक मुलगा आला होता. अंथरूण ओलं करतो, वर्गात एका जागी बसत नाही, सारखा मार खातो. शाळेने चंचल असा शिक्का मारला होता. आजी कौतुकाने सांगत होत्या, "बापावर गेलाय, झोपेत आगगाडी चालते याची." मोठं माणूस कमी झोपलं की पेंगतं, मूल पुष्कळदा उलट उधळतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. रात्री तो मान मागे टाकून, तोंड आ वासून, घामाने भिजून झोपला होता. छातीचा मधला भाग दर श्वासाला आत ओढला जात होता. आजीला मी काचेतून तेवढंच दाखवलं. मुलांमध्ये तासाला एकापेक्षा जास्त अडथळा म्हणजे आधीच जास्त. त्याचे कितीतरी पटींनी होते. टॉन्सिल आणि नाकामागच्या अ‍ॅडिनॉइड गाठी घशाची बहुतेक जागा व्यापून बसल्या होत्या. ऑपरेशननंतर काही आठवड्यांतच अंथरूण कोरडं राहायला लागलं. आईने फोनवर सांगितलं, आणि मग थोडं थांबून, "आम्ही उगाच मारलं हो त्याला." घोरणारं लहान मूल ही कौतुकाची गोष्ट नाही. सर्दी नसताना रोज घोरत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्यायचं, एवढं आजी-आजोबांना कळलं तरी पुष्कळ.

उपचाराबद्दल लोकांना वाटतं मशीन आणलं की संपलं. खरी गंमत तिथूनच सुरू होते. ड्रायव्हरला मशीन लाभलं; मालकाला सांगूनही नोकरी राहिली, आणि आता तोच दुसऱ्यांना पाठवतो. पण घेतलेली कितीतरी मशीनं कपाटावर धूळ खात पडतात. मास्क बोचतो, नाक कोरडं पडतं, नळीत पाणी साचतं, गावाकडे रात्री वीज जाते. एका नवऱ्यामुलाने लग्न ठरल्यावर मशीन मित्राच्या घरी ठेवलं होतं. सासरी काय सांगायचं, हा प्रश्न. लग्नानंतर महिन्याभरात बायकोच त्याला आमच्याकडे घेऊन आली. बरेच लोक पहिल्या आठवड्यात हार मानतात आणि त्यांपैकी निम्म्यांना फक्त मास्कचा आकार चुकीचा मिळालेला असतो. दुकानदाराने बॉक्स हातात ठेवला आणि झालं. मास्क आडवं झोपून लावून बघायचा असतो, बसून नाही. आधी दिवसा टीव्ही बघताना अर्धा तास घालून सवय करायची. नाक चोंदलेलं असेल तर पहिल्यांदा नाकाचं बघायचं. हे कुणीतरी पंधरा मिनिटं शांतपणे सांगितलं तर मशीन टिकतं, असा माझा अनुभव आहे. म्हणून सकाळची ती पंधरा मिनिटं मी सोडत नाही, मग घरी जायला उशीर झाला तरी चालेल. तसंही घरी जाऊन मी काय झोपणार? सकाळी दहाला आमच्या सोसायटीत भंगारवाला, कुकरच्या शिट्ट्या आणि वरच्या मजल्यावरचं ड्रिल, सगळं एकदम चालू होतं.

तुमच्या घरात कुणी घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल किंवा आठ तास झोपूनही दमलेलं उठत असेल, तर एक साधं काम करा. पहाटे तीन-चारच्या सुमारास उठून त्यांचा मोबाइलवर दोन मिनिटं व्हिडिओ घ्या. चेहऱ्याबरोबर छाती आणि पोट दिसलं पाहिजे, पांघरूण जरा बाजूला करा. तो डॉक्टरांना दाखवा, तोंड उघडून घसा आणि टाळू तपासायला सांगा. आणि तपासणी झालीच तर नुसता एएचआय वाचून फाइल मिटू नका. झोप एकूण किती वेळा मोडली आणि रेरा मोजले का, हे दोन प्रश्न विचारा. झोपेची गोळी सुरू करायची की नाही ते त्यानंतर ठरवा.